विषाणू अर्काने धुतला जात नाही

भाज्या-फळे धुण्यासाठी ‘नैसर्गिक’ द्रावणांच्या बाटल्या आता शहरांतल्या दुकानांत सहज मिळतात. कडुनिंब, लिंबू, हळद, द्राक्षाच्या बिया, हिरवा चहा अशी नावे लेबलवर असतात आणि शेजारी ९९.९ टक्के जंतू नष्ट होण्याची हमी असते. आरोग्यविषयक लिखाण याच्याही पुढे जाते. वनस्पतींतली द्रव्ये नोरोव्हायरस आणि हिपॅटायटिस ‘ए’ यांसारख्या अन्नातून पसरणाऱ्या विषाणूंनाही मारतात, हे प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे, मग क्लोरीनसारखी रसायने हवीत कशाला, असा युक्तिवाद तिथे केला जातो. तो खोडून काढायला हवा, आणि काळजीपूर्वक खोडायला हवा, कारण तो धादांत खोटा नाही. प्रयोग झालेले आहेत, चांगल्या शास्त्रज्ञांनी केलेले आहेत आणि त्यांतून काही खरे हातीही लागले आहे. पण त्या प्रयोगांत जे दिसले, त्यातून ताटातले अन्न सुरक्षित होते हा निष्कर्ष निघत नाही. ज्या घरात या निष्कर्षावर विसंबून कच्ची कोथिंबीर, कोशिंबीर किंवा कापलेली फळे निर्धास्तपणे मुलांपुढे ठेवली जातात, त्या घराची फसवणूक होते.

पहिला घोटाळा जिवाणू आणि विषाणू यांची गल्लत करण्यात आहे. ओव्यातले थायमॉल, ओरिगानोतले कार्व्हाक्रॉल, लवंगेतले युजेनॉल ही द्रव्ये जिवाणूला मारतात ती मुख्यतः त्याचे पेशीपटल फाडून. पटल फाटले की पेशीतला ऐवज बाहेर गळतो. करोना किंवा इन्फ्लुएंझाच्या विषाणूभोवतीही स्निग्ध द्रव्याचे आवरण असते, त्यामुळे साबण आणि अल्कोहोल यांच्यापुढे तो तग धरत नाही. नोरोव्हायरस आणि विष्ठेवाटे बाहेर पडणारा हिपॅटायटिस ‘ए’चा विषाणू यांना असे आवरणच नसते. आरएनएभोवती प्रथिनांचे घट्ट कवच, एवढाच त्यांचा संसार. फाडण्याजोगे पटल तिथे नाही. दुसरी बाब त्याहून महत्त्वाची आहे आणि ती क्वचितच सांगितली जाते: हे विषाणू अन्नावर वाढतच नाहीत. जिवाणू अन्नावर वाढतो, म्हणून मीठ, आंबट, मसाला, थंडी यांनी त्याची वाढ रोखली तरी पुष्कळ साधते. विषाणू मात्र माणसाच्या शरीराबाहेर निपचित पडून असतो आणि पोटात गेल्यावरच जागा होतो. त्याची ‘वाढ रोखणारा’ पदार्थ शोधण्यात अर्थ नाही. तो नष्ट तरी करावा लागतो, नाहीतर अन्नावर येऊच द्यायचा नसतो. मसाल्यांचे जिवाणूविरोधी गुण खरे असले, तरी ते गुण विषाणूच्या खात्यावर जमा करता येत नाहीत.

आता प्रयोगांकडे वळू. माणसाला होणारा नोरोव्हायरस १९६८ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात नॉरवॉक गावच्या एका शाळेतल्या साथीतून ओळखीला आला आणि १९७२ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. पण पुढची चार दशके तो प्रयोगशाळेत वाढवता येत नव्हता. २०१६ मध्ये ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये मेरी एस्टिस यांच्या गटाने मानवी आतड्याच्या सूक्ष्म ऊतींवर तो वाढवून दाखवला. तोवर, आणि बऱ्याच अंशी आजही, वनस्पतिजन्य द्रव्यांची परीक्षा झाली ती त्याच्या बदली घेतलेल्या विषाणूंवर: मांजराचा कॅलिसिव्हायरस, उंदरांचा नोरोव्हायरस, माकडांतला टुलेन विषाणू. हे नातेवाईक आहेत, पण एकसारखे नाहीत. मांजराचा कॅलिसिव्हायरस श्वसनमार्गात राहणारा आहे आणि आम्लापुढे लवकर हार मानतो. उंदरांचा नोरोव्हायरस पोटातला आहे, आम्ल सोसतो, पण अल्कोहोलला बळी पडतो. माणसाचा नोरोव्हायरस आम्लाला दाद देत नाही आणि हातावर लावायच्या अल्कोहोलच्या जेललाही फारशी देत नाही. टेनेसी विद्यापीठात डोरिस डिसूझा यांच्या गटाने डाळिंबाचा रस, क्रॅनबेरी आणि द्राक्षबियांचा अर्क यांवर चिकाटीने काम केले. त्यांच्या निकालांत एक सूत्र पुन्हा पुन्हा दिसते: मांजराच्या विषाणूत मोठी घट, उंदराच्या विषाणूत बरीच कमी, हिपॅटायटिस ‘ए’च्या विषाणूतही थोडकीच. संशोधकांनी तिन्ही निकाल प्रामाणिकपणे छापले. जाहिरातीत आणि लेखात येईपर्यंत त्यांतला पहिलाच उरतो, आणि तोही ‘नोरोव्हायरस’ या नावाने.

लिंबाचे उदाहरण यापेक्षा बोलके आहे, कारण त्यावरचा विश्वास आपल्याकडे सर्वांत पक्का आहे. २०१५ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गच्या संशोधकांनी दाखवले की लिंबातल्या सायट्रिक आम्लापासून मिळणारे सायट्रेट नोरोव्हायरसच्या कवचाला नेमक्या त्या जागी चिकटते जिथून विषाणू आतड्याच्या पेशीला धरतो. बातमी जगभर फिरली आणि लिंबाचे चार थेंब नोरोव्हायरस रोखतात असे तिचे रूप झाले. तो प्रयोग जिवंत विषाणूवर नव्हता. आत आरएनए नसलेल्या, प्रयोगशाळेत बनवलेल्या रिकाम्या कवचांवर होता. रिकाम्या कवचाला रेणू चिकटला यावरून औषधाची दिशा मिळू शकते. भेळेवर लिंबू पिळल्याने लागण टळते असे त्यातून सिद्ध होत नाही. उलट बाजूचा पुरावा तर जुना आहे आणि थेट माणसांवरचा आहे. १९७२ मध्ये अमेरिकेत स्वयंसेवकांवर केलेल्या अभ्यासात, पीएच २.७ इतक्या तीव्र आम्लतेत ३ तास ठेवलेला नॉरवॉक विषाणू पिऊनही माणसे आजारी पडली. जठरातले आम्ल ओलांडून आतड्यात पोहोचणे हीच ज्या विषाणूची जगण्याची रीत आहे, तो काकडीवर पिळलेल्या लिंबाने मरेल ही अपेक्षा मुळातच उफराटी आहे.

यावर असे म्हटले जाईल की लिंबाचे सोडा, कार्व्हाक्रॉलचे काय? हा आक्षेप रास्त आहे. ॲरिझोना विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले की कार्व्हाक्रॉल उंदरांच्या नोरोव्हायरसच्या कवचावरच आघात करते आणि तासाभरात विषाणूंची संख्या जवळजवळ १० हजार पटींनी घटते. वनस्पतिजन्य द्रव्याला विषाणूचे कवच मोडता येते हे त्यातून दिसले आणि ते मोलाचे आहे. पण त्याच प्रयोगात ज्या ओरिगानोच्या तेलात हे कार्व्हाक्रॉल मुख्यत्वे असते, त्या अख्ख्या तेलाचा परिणाम फारच तोकडा ठरला. म्हणजे ‘नैसर्गिक’ असणे हा यशाचा धागा नव्हता. वेगळे काढलेले, शुद्ध केलेले, मोजून वापरलेले एक रसायन हा होता. शिवाय हे सारे घडले अर्धा टक्का तीव्रतेला आणि तासभर. अर्धा टक्का कार्व्हाक्रॉल म्हणजे जिभेला चटका देणारा, नाकात शिरणारा उग्र दर्प. त्या पाण्यात तासभर पडलेली पालेभाजी कोणी खाणार नाही. बाटलीवरच्या सूचनेत मात्र पाच-दहा मिनिटे आणि बादलीभर पाण्यात झाकणभर द्रावण असते.

त्यात अन्न म्हणजे परीक्षानळीतले स्वच्छ द्रावण नव्हे. द्राक्षबिया, डाळिंब, चहा यांतल्या पॉलिफेनॉलांचा मूळ स्वभाव प्रथिनांना चिकटण्याचा आहे. कच्चे डाळिंब खाताना तोंड आवळते ते लाळेतल्या प्रथिनांना ती चिकटतात म्हणून. विषाणूच्या कवचालाही ती याच गुणाने चिकटतात. पण आजूबाजूला दुधातली, मांसातली, पानातली प्रथिने विषाणूपेक्षा कोट्यवधी पटींनी अधिक असतील, तर द्रव्य तिथेच खर्च होते. द्राक्षबियांचा अर्क सफरचंदाच्या रसात बऱ्यापैकी काम करतो आणि दुधात ढेपाळतो, हे डिसूझा यांच्याच गटाने पुढे नोंदवले. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला हिरव्या चहाच्या अर्कावर झालेल्या कामात तर द्रावणाची आम्लता, तापमान आणि अर्क किती वेळ ठेवलेला आहे यावर निकाल पालटतात असे दिसले. घरच्या पातेल्यात या तीनपैकी एकही गोष्ट कोणी मोजत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप आता घेतो. समजा अर्काने ९० टक्केच विषाणू गेले. काहीच न जाण्यापेक्षा ते बरे नाही का? याचे उत्तर आकड्यांत आहे. नोरोव्हायरसच्या रुग्णाच्या एक ग्रॅम विष्ठेत अब्जावधी विषाणूकण असू शकतात. लागण होण्यासाठी लागणारे कण मात्र फार थोडे. काही अंदाजांनुसार वीसेक, काहींनुसार हजाराच्या घरात. नीट न धुतलेल्या हाताने एखाद्या पानावर एक लाख कण पोहोचले, तर ९० टक्के घट झाल्यावर १० हजार उरतात आणि ९९ टक्के घट झाल्यावर एक हजार. लेबलवरचे ९९.९ टक्के खरे मानले तरी शंभर उरतात. जिवाणूच्या बाबतीत ९९.९ हा आकडा मोठा वाटतो आणि पुष्कळदा पुरतोही. इथे तो पुरेलच असे नाही. पानावर मुळात शंभरच कण असतील तर दहावर आणणे निश्चितच उपयोगी आहे, हे मी मान्य करतो. लागणीचा धोका मात्रेप्रमाणे कमी-जास्त होतो. पण मग तुलना काहीच न करण्याशी करायची नाही, साध्या पाण्याशी करायची. नळाच्या वाहत्या, पिण्यायोग्य पाण्याखाली चोळून धुतल्यानेही साधारण याच प्रमाणात विषाणू निघून जातात. अर्काने त्यावर किती भर टाकली, हा खरा प्रश्न आहे आणि बाटलीवर त्याचे उत्तर कधीच नसते. पाण्याच्या जोडीला अर्क वापरणाऱ्याचे नुकसान फक्त पैशांचे. अर्क वापरला म्हणून पाण्याची शुद्धता, शिजवणे आणि हात धुणे यांत ढिलाई करणाऱ्याचे नुकसान आरोग्याचे.

नैसर्गिक द्रव्यांचे समर्थक इथे क्लोरीनकडे बोट दाखवतात: तेही विषाणू पूर्ण मारत नाही, शिवाय घातक उपपदार्थ सोडते. पहिला भाग खरा आहे आणि त्याची साक्ष भारताच्याच इतिहासात आहे. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या पाण्यात वझिराबादच्या उपशाच्या जागी नाल्याचे सांडपाणी शिरले. पाण्यात क्लोरीन वाढवले गेले. त्यामुळे विषमज्वर किंवा आमांशाची लाट आली नाही. पण सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली, आणि गर्भवती स्त्रियांना तिचा विशेष जबर फटका बसला. ती हिपॅटायटिस ‘ई’ची साथ होती हे फार उशिरा कळले. जिवाणू आटोक्यात आले म्हणजे विषाणूही आले असे होत नाही, हा त्या साथीचा धडा जगभरच्या ग्रंथांत नोंदलेला आहे. पण तो क्लोरीनपेक्षा अर्काच्या विरोधात अधिक जातो. सेंद्रिय घाण भरपूर असली की क्लोरीन तिच्यावरच खर्ची पडते, तसेच पॉलिफेनॉलही पडते. आणि क्लोरीनचे निदान पाण्यात किती उरले हे मोजता येते, त्याची मात्रा ठरलेली आहे, त्यावर शतकभराचा अनुभव आहे. वझिराबादला उणीव होती ती सांडपाणी आणि पिण्याचे पाणी वेगळे ठेवण्यात. अधिक ‘सौम्य’ द्रव्य वापरल्याने ती भरून निघाली नसती.

परंपरेचा दाखला देणाऱ्यांना एवढेच सांगायचे की आपल्या स्वयंपाकघराने विषाणूंपासून वाचवले असेल तर ते हळद-हिंगाने नव्हे, आचेने. हिपॅटायटिस ‘ए’चा विषाणू ८५ अंश सेल्सियसला मिनिटभरात निष्प्रभ होतो, उकळत्या आमटीत तो टिकत नाही. १९८८ मध्ये शांघायमध्ये अर्धेकच्चे शिंपले खाऊन सुमारे तीन लाख लोकांना हिपॅटायटिस ‘ए’ झाला. शिंपले पाणी गाळून जगतात आणि सांडपाण्यातले विषाणू आपल्यात साठवतात. कोकण-गोव्यात तिसऱ्या मसाल्यासह शिजवल्या जातात हे आपले सुदैव. पण वाफेने शिंपी उघडली म्हणजे आतला जीव शिजला असे नाही. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेनुसार आतपर्यंत ९० अंश आणि दीड मिनिट लागते. त्यात कोकम आणि तिरफळाने चव येते, सुरक्षितता येत नाही.

२०१३ सालच्या अमेरिकेतल्या साथीचा उल्लेख या वादात फारसा होत नाही, पण व्हायला हवा. १० राज्यांत १६५ जणांना हिपॅटायटिस ‘ए’ झाला आणि माग निघाला गोठवलेल्या फळांच्या एका सेंद्रिय मिश्रणापर्यंत. त्या मिश्रणाच्या नावातच ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द होता. विषाणू आला होता तुर्कस्तानातून आयात केलेल्या डाळिंबाच्या दाण्यांवरून. ज्या फळाची पॉलिफेनॉले प्रयोगशाळेत विषाणूविरोधी म्हणून तपासली गेली, त्याच फळाच्या दाण्यांवर विषाणू सुखरूप राहिला आणि हजारो मैल प्रवास करून घरोघरच्या फ्रिजमध्ये पोहोचला. याने अर्कावरचे प्रयोग खोटे ठरत नाहीत; दाण्यातला रस आत होता आणि विषाणू बाहेर. पण अन्नात ‘गुणकारी’ द्रव्य असणे आणि ते अन्न निर्धोक असणे यांचा संबंध किती ठिसूळ आहे, हे त्याहून स्पष्ट दाखवणारे उदाहरण मला माहीत नाही. आदल्या वर्षी जर्मनीच्या पूर्व भागात चीनहून आलेल्या गोठवलेल्या स्ट्रॉबेरीतून नोरोव्हायरस पसरला आणि सुमारे ११ हजार लोक, बहुतेक शाळकरी मुले, आजारी पडली. गोठवल्याने हे विषाणू मरत नाहीत, उलट जपले जातात. सोलापूरच्या डाळिंबांनी आणि महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीनी यातून घ्यायचा बोध सोललेल्या दाण्यांवर कोणता अर्क फवारावा हा नाही. फळ तोडणाऱ्या आणि दाणे काढणाऱ्या मजुराला शेतात शौचालय, साबण आणि स्वच्छ पाणी आहे का, हा आहे.

मग हे संशोधन थांबवावे का? मुळीच नाही. जपानमध्ये कच्च्या पर्सिमॉनच्या टॅनिनने नोरोव्हायरससह अनेक विषाणूंवर परिणाम दाखवला. हातांसाठी आणि पृष्ठभागांसाठी अशी द्रव्ये अल्कोहोलची उणीव भरून काढू शकतील, कारण तिथे चव, वास आणि अन्नातली प्रथिने आड येत नाहीत. बेरीसारख्या नाजूक फळांवर, जी चोळून धुता येत नाहीत आणि शिजवायची नसतात, हिरव्या चहाचे किंवा द्राक्षबियांचे खाद्य लेपन हा विचार करण्याजोगा मार्ग आहे. अनेक अडथळ्यांपैकी एक म्हणून या द्रव्यांना जागा मिळावी. मात्र ती मिळवण्यासाठी मानवी नोरोव्हायरसवर, खऱ्या अन्नात, खाण्यायोग्य मात्रेत, साध्या पाण्याशी तुलना करून निकाल द्यावे लागतील. हा मापदंड कठोर नाही. पोटात जाणाऱ्या गोष्टीबद्दलचा तो किमान आहे.

माझा खरा विरोध आहे तो या बाटल्यांनी जबाबदारीची दिशा बदलते याला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१० या एका वर्षात अन्नातून झालेल्या नोरोव्हायरसच्या लागणीची संख्या साडेबारा कोटी होती. कोडेक्सने २०१२ मध्ये खास विषाणूंसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि त्यांचा भर विषाणू अन्नावर येऊ न देण्यावर आहे, कारण एकदा आलेला काढणे अवघड असते. जुलाब-उलट्या होणाऱ्या माणसाने स्वयंपाकघरात काम करू नये आणि लक्षणे थांबल्यावरही किमान ४८ तास दूर राहावे, असा सल्ला अमेरिका आणि ब्रिटनमध्ये दिला जातो. आपल्याकडच्या खाणावळीत, चाट-भांडारात, केटररकडे रोजावर राबणाऱ्या माणसाला दोन दिवस बसून राहणे परवडत नाही. पगार कापला जातो, म्हणून तो पोट धरून येतो आणि कांदा-कोथिंबीर चिरतो. भरपगारी आजारपणाची रजा हा इथे कामगार हक्काचा प्रश्न आहे तितकाच गिऱ्हाइकाच्या पोटाचाही आहे. हिपॅटायटिस ‘ए’मध्ये तर कावीळ दिसण्याच्या साधारण दोन आठवडे आधीपासून विषाणू बाहेर पडत असतो, तिथे रजाही पुरत नाही, साबणाने हात धुण्याची सोय आणि लस हेच उपाय उरतात. अन्न हाताळणाऱ्यांची दरवर्षी वैद्यकीय तपासणी आणि विषमज्वराची लस आपल्याकडे अपेक्षित असते. त्यांना हिपॅटायटिस ‘ए’ची लसही का असू नये, हा प्रश्न आता टाळता येणार नाही. पूर्वी बहुतेकांना तो लहानपणीच, कळूनही न येता होऊन जाई. शहरांतली स्वच्छता सुधारली तशी अनेक मुले लागण न होता मोठी होत आहेत, आणि मोठ्या वयात हा आजार जड जातो.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात गुलियन-बारी सिंड्रोमचे रुग्ण वाढले तेव्हा काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू आढळला आणि काहींत नोरोव्हायरस. चौकशी विहिरी, टँकर आणि जलवाहिन्या यांच्याकडे गेली, आणि योग्य ठिकाणीच गेली. तिथे सापडलेला दोष कोणत्याही घरच्या सिंकमध्ये दुरुस्त होणारा नव्हता. म्हणून अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाकडे मागणी करायची तर ती नेमकी करावी. भाजी धुण्याच्या कोणत्याही द्रावणावर ‘विषाणू’ हा शब्द छापायचा असेल, तर कोणत्या विषाणूवर, कोणत्या अन्नपदार्थावर, किती मात्रेत, किती मिनिटांत, साध्या पाण्यापेक्षा किती अधिक घट झाली, हे त्याच लेबलवर मराठीत आणि वाचता येईल अशा अक्षरांत छापणे बंधनकारक करावे. ज्याच्याकडे हे आकडे नाहीत त्याने तो शब्द काढून टाकावा.